चाळीसपैकी नऊ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेमलताअक्कांनी मला तास मारायला सांगितला. "भाऊ, आठे येक तास मार," म्हणजे इथे एक तास मार, एवढं बोलून त्या प्रिंटरकडे गेल्या. कॉलेजात तास मारण्यात माझा हातखंडा होता. इथे तर वरिष्ठ बाई स्वतःच सूट देत होत्या, म्हणून मी सरळ कँटीनमध्ये जाऊन बसलो. परत आलो तेव्हा अक्का कपाळाला हात लावून माझ्या स्क्रीनवरची एकुलती एक रेघ बघत होत्या. त्यांचा तास म्हणजे नांगराचा तास, शेतात एकीशेजारी एक ओढतात ती सरळ चरी. एका रेघेपासून ठरावीक अंतरावर दुसरी समांतर रेघ काढायची, त्याला सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट म्हणतात. अक्कांच्या लेखी तो तास.

आमची कंपनी जळगावच्या एमआयडीसीत आहे. रावेरकडच्या पॅकिंग शेडसाठी आम्ही केळी धुण्याच्या टाक्या आणि कन्व्हेयर बनवतो. अक्का शिरपूरच्या वरच्या अंगाच्या, डोंगरापायथ्याच्या गावातल्या. आयटीआयमध्ये त्या लाकडी बोर्डावर ड्रॉइंग शिकल्या. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा तो येणारा एकच ड्राफ्ट्समन होता, आणि आपली विद्या कुणाला देईल तर शपथ! अक्का प्रिंट न्यायच्या निमित्ताने त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. कोणतं चित्र दाबलं की काय होतं, ते डोक्यात साठवायच्या. इंग्रजी नावं त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली. जास्तीच्या रेघा तोडणं म्हणजे छाटणी. एक रोलर काढून तो सारख्या अंतरावर नव्वद वेळा उमटवणं म्हणजे पेरणी. तो ड्राफ्ट्समन केव्हाच नोकरी सोडून गेला. आता विभागात अक्का धरून आम्ही अकरा जण आहोत, आणि इंजिनिअर असो की ड्राफ्ट्समन, सगळे हीच भाषा बोलतो. मला तर कधी कधी खरं नाव आठवायला डोकं खाजवावं लागतं.

यंदा आमच्या मालकांनी, श्रेयांसशेठनी ठरवलं की सपाट ड्रॉइंग पुरे झाली, आता सगळं थ्रीडीत करायचं. ट्रेनिंग कुणाकडून घ्यायचं ते शोधायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. आमच्यात सगळ्यात जास्त आतुर होत्या अक्का. त्यांनी तर चष्म्याचा नंबरही बदलून आणला.

पहिले गृहस्थ पुण्याहून आले. कडक इस्त्री, फाडफाड इंग्रजी. कोण किती पाण्यात आहे ते बघायला त्यांनी चाळीस प्रश्नांचा पेपर दिला. कोणत्या कमांडचं नाव काय, कोणती कुठल्या मेन्यूत. मला छत्तीस मार्क पडले, अक्कांना नऊ.

"पन्नास टक्क्यांखालच्यांना बसवून उपयोग नाही," गृहस्थ म्हणाले. "त्यांच्याकडे प्रिंट काढायचं काम ठेवा."

शेठनी मान डोलावली. म्हणजे थ्रीडी आमचं, आणि अक्का पुन्हा प्रिंटरपाशी. मी काय केलं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. खोटं कशाला बोलू, छत्तीस मार्कांची नशा चढली होती. बाहेर आल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "माले नावं येतस नही भाऊ, काम येस." त्यावरही मी नुसता "हो" म्हणालो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून दुसऱ्या ट्रेनर, रोशनी मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेर, पायात चपला, खांद्याला लॅपटॉप. त्यांनी पेपर काढला नाही. "रोज जे काम करता, तेच करा," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून अक्कांच्या मागे बसल्या. अक्का नेहमीसारख्या पुटपुटत कन्व्हेयर काढत होत्या. "आठे तास... हाई छाटनी... आते पेरनी." बघता बघता नव्वद रोलर ओळीने उभे राहिले.

"थांबा अक्का," मॅडम म्हणाल्या. "पेरणी म्हणजे?"

अक्का लाजल्या. मग त्यांनी दाखवलं. मॅडमनी वही काढून तो शब्द लिहून घेतला आणि आपल्या लॅपटॉपवर एक सपाट चौकोन काढला. बटण दाबताच चौकोन वर उचलला जाऊन त्याचा ठोकळा झाला. "हे थ्रीडीतलं पहिलं काम. याला काय म्हणाल?"

अक्कांनी क्षणभर पाहिलं. "उगवनं," त्या म्हणाल्या. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी शेठनी माझ्याकडे निवाडा मागितला. "पुण्याचं सर्टिफिकेट वजनदार आहे हं हितेंद्र. भिंतीवर लावलं तर गिऱ्हाईक बघतो."

या वेळी माझी गुळणी सुटली. "शेठ, पुणेवाल्यांनी नावं विचारली, काम विचारलंच नाही. माझे छत्तीस मार्क नावं पाठ असल्याचे, काम मला अक्कांनीच हात धरून शिकवलंय. त्यांना वगळायचं असेल तर मलाही वगळा."

 शेठ म्हणाले, "अरे, मग काल काय तोंड शिवलं होतं?"  आणि त्यांनी धुळ्याला फोन लावला.

सोमवारी ट्रेनिंग सुरू झालं. ओळख करून घेताना रोशनी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अक्कांनी," मी म्हणालो. शेजारचा नवल म्हणाला, "अक्कांनी." मग त्याच्या पलीकडचा. एकामागून एक दहाही जणांनी तेच सांगितलं. पुढे पुढे हसू फुटायला लागलं, मॅडमही हसल्या.

शेवटी अक्कांची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"माले कोनी शिकाडं नही, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमी पयल्याच."