ओल्या हाताला चालणारं यंत्र

तळ्यांतला गाळ मोजणं हे माझं काम. होडीतून वजन बांधलेली दोरी तळाला सोडायची, खोली लिहायची आणि ती जागा नकाशावर टाकायची. पाण्यावर काम नसलं की शेततळ्यांच्या कडेनं पायी फिरून त्यांची हद्द नोंदवायची. पहिली दोन वर्षं मी जागेची नोंद मोबाईलवरच केली. मग आष्टीकडच्या एका गावातल्या सभेत नकाशा भिंतीवर लावला, तर माझ्या सात नोंदी तळ्याबाहेर, सरळ रानात पडलेल्या. उन्हात तापलेल्या मोबाईलनं भलतीच जागा धरली होती. एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले, "ताई, आमच्या ज्वारीत पाणी किती खोल लागलं?" सगळी सभा हसली. मीही हसले, पण गाडीवरून घरी येताना कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगून टाकलं, "मला हातात धरायचं जीपीएस यंत्र लागेल. आणि ते मीच निवडणार."

साहेबांना मोठ्या रंगीत पडद्याचं आवडलं होतं, बोटानं सरकवायचं. मला दुकानातलं दुसरं एक बरं वाटत होतं: बटणांचं, जाडजूड, फिकट पडद्याचं. दुकानदार ओळखीचा. त्यानं दोन्ही चार दिवस वापरून बघायला दिली.

आधी एका शेततळ्याला दोन्ही यंत्रं घेऊन दोन-दोन फेऱ्या मारल्या. हद्द दोन्हींनी सारखीच दाखवली. खरं सांगायचं तर रंगीत पडद्यावर शेतं, बांध, झाडं बघून मीही जरा भुलले. साहेबांना तसं कळवणारच होते, पण पाण्यावरची परीक्षा अजून बाकी होती.

पालीच्या धरणावर मला नेहमी होडीतून नेणारे एक काका आहेत. जन्म मासे धरण्यात गेलेला. मी दोन यंत्रं काढलेली पाहून ते म्हणाले, "दोन कावून? एकाचा भरवसा न्हाई का?"

"भरवसा कुणावर ठेवायचा, तेच बघायला आलेय."

दोरी ओढून हात ओले झाले आणि रंगीत यंत्राचं सोंग सुरू झालं. पडद्यावर पाण्याचे थेंब पडले, ते त्याला बोटंच वाटली. नकाशा आपोआप सरकायला लागला. पदरानं पुसलं, पुन्हा तेच. वर ऊन असं, की पडद्यात मला माझाच चेहरा दिसत होता. बटणांचं यंत्र मात्र ओल्या अंगठ्यानं दाबलं तरी मुकाट नोंद घेत होतं, आणि त्याचा फिकट पडदा उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसत होता.

काका म्हणाले, "पाण्यात पडलं तर?"

"दोन्हींना पाणी लागलं तरी चालतं म्हणे."

"ते न्हाई. वर ऱ्हातंय का बुडतंय?"

हे मी दुकानदाराला विचारलंच नव्हतं. दोन्हींना सुतळी बांधली आणि हळूच पाण्यात सोडली. रंगीत यंत्र सुतळी ताणून खाली गेलं. बटणांचं तोंड वर करून डुलत राहिलं. काका खूष झाले. "हेच घ्या. ते लई देखणं हाय, पण तळाशी जाऊन काय करायचंय?"

तरी मी एक शेवटची परीक्षा घेतली. तळाशी एक मोठा खडक आहे, त्याला जाळं अडकतं. काका डोंगराची टोकं जुळवून त्याची जागा ओळखतात. तिथं मी बटणांच्या यंत्रात नोंद केली. दुसऱ्या दिवशी डोंगराकडे न बघता, नुसता यंत्रावरचा बाण बघत मी "डावीकडं, अजून थोडं, थांबा" म्हणत गेले. दोरी सोडली. वजन खडकावर टक्कन वाजलं. काकांनी मान वर करून डोंगराची टोकं तपासली आणि म्हणाले, "बरूबर हाय."

साहेबांपुढं मी हे सगळं ओळीनं सांगितलं. ते म्हणाले, "पण नकाशा फारच साधा दिसतो."

"नकाशा मी ऑफिसात बसून करीन. पाण्यावर मला नोंद पाहिजे. आणि याला पेन्सिल सेल लागतात, ते कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतात."

यंत्र आलं. आता तिसरं वर्ष चालू आहे. कोपरे झिजलेत, एका बटणावरची खूण पुसलीय. नवीन लागलेल्या मुलींना शिकवताना मी आधी त्यांना हात ओले करायला सांगते, मगच यंत्र हातात देते.