लोटून दाखवलेला शब्द

भीमराज सरांना काय सुचलं कोण जाणे, असं आता बोरी अरबमध्ये जो तो म्हणतो. अहो, सुचायचं काय त्यात? बावीस वर्षं तो माणूस इंग्रजी असंच शिकवत आला. बी.एड. होऊन नोकरी लागली नाही, म्हणून घराच्या पुढच्या खोलीत ट्यूशन. नुसता अर्थ फळ्यावर लिहिला तर तो पोरांच्या डोक्यात शिरत नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. मग ते प्रत्येक शब्द करून दाखवायला लागले. लंगडायचे, कुजबुजायचे, दारुड्यासारखे झोकांड्या खायचे. पोरं पोट धरून हसायची, पण शब्द विसरायची नाहीत.

गेल्या आठवड्यात ‘शव्ह’ आला. गाइडमध्ये ‘पुश’ म्हणजे ढकलणे आणि ‘शव्ह’ म्हणजेही ढकलणेच. सरांचं डोकंच फिरलं. पुश त्यांनी दार ढकलून दाखवला. शव्ह तसा नाही, म्हणाले. एसटीत चढताना कोणी कोपर देऊन बाजूला सारतो, भांडणात छातीवर हात देऊन लोटतो, समोरच्याचं काय होईल याची पर्वा करत नाही, तो शव्ह. पोरं आपली टुकूटुकू बघत बसली. तेव्हा सरांनी आठवीतल्या वैष्णवीला उभं केलं, चेहरा रागीट केला आणि दोन्ही हातांनी तिला लोटलं.

पोर मागे गेली ती थेट दगडी पायरीवर. उठली, डोकं चोळत हसली, समजलं म्हणाली. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. सरांनीच तिला गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिचे वडील मारोतराव वावरात कापसाच्या वेचणीवर होते. त्यांना फोन केला सरांच्या बायकोनं, नलूबाईनं. पोरीचा पाय घसरला, असं तिनं सांगितलं आणि ट्यूशनच्या पोरांनाही तसंच सांगायला लावलं.

दोन दिवस झाले. डोक्याचं ऑपरेशन झालं, पण पोरीनं डोळे उघडले नव्हते. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. नलूबाई सारखी फोन करत होती. खरं बोललात तर केस होईल, ट्यूशन बंद पडेल, गावात कोणी उभं करणार नाही, आपल्या पोराची, संघर्षची, बारावी आहे, असं रडून रडून सांगत होती. तिला तरी काय बोलावं! भ्यायलेलं माणूस दुसरं काय सांगणार?

दुपारी मारोतराव सरांसाठी चहा घेऊन आले. चहा हातात दिला आणि खाली वाकून चक्क पाया पडले.

“तुमी नसते त लेकरू तिथंच गेलं असतं, सर.”

सरांच्या हातातला चहा पँटवर सांडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

“मारोतराव, तिचा पाय नाही घसरला. मीच लोटलं तिले. शब्द समजावून राह्यलो होतो.”

मारोतरावांना काही उमगेना. कोणता शब्द, विचारलं. सरांनी शब्दही सांगितला, अर्थही सांगितला. मारोतराव मग समोर येऊन उभे ठाकले.

“मले दाखवा.”

सरांनी हात जोडले. मारोतराव हलेनात. शेवटी सरांनी हात त्यांच्या छातीवर नुसते टेकवले.

“असं नाही. तिले लोटलं तसं.”

सरांना रडू कोसळलं. रडत रडतच त्यांनी लोटलं. पाठीवर कापसाचं बोचकं सहज वाहणारा तो गडी दोन पावलं मागे गेला आणि धाडकन भिंतीवर आदळला. आतून नर्स धावत आली. मारोतरावांनी तिला हातानंच थांबवलं. भिंतीला टेकूनच ते बोलले.

“चौतीस किलोची पोरगी आहे माही, सर.”