‘पिकप’चा अर्थ

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मी इंग्रजी पेपर वाचत बसलो होतो. शेजारी दाभोळचा एक म्हातारा खलाशी होता. तो मला सारखा निरखत होता, म्हणून मी पिशवी जवळ ओढली.

“सायेब, ‘पिकप’ म्हणजे काय?” त्याने हळूच विचारलं.

त्याचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. परदेशी बंदराजवळ त्याला ‘पिकप’ केलं, एवढाच निरोप मुंबईहून कुणीतरी तोंडी आणला होता.

“उचललं,” मी म्हणालो. “पाण्यात पडला असेल, दुसऱ्या बोटीने वर घेतला असेल.”

“मास्तरही हेच बोलले. डाक्तरही. सगळे माझं तोंड बघून अर्थ सांगतात.”

माझ्या ओठांवरची त्याची नजर हलेना. शेवटी मी म्हणालो, “पोलिसांनी पकडलं, असाही अर्थ होतो.”

“आणखी?”

“समुद्रावरच्या माणसाच्या बाबतीत एवढेच.”

“म्हणजे दोन्ही अर्थांत तो जिता हाय?”

“हो.”

त्याने डोळे मिटले.

“सगळे इतकं गोड बोलत होते,” तो म्हणाला, “मला वाटलं, अल्लानंच उचलला.”