प्रश्नमंजुषा आणि एक उसनी ड्युटी

सन २०१६. मार्चचा शेवटचा आठवडा. सोलापुरात रस्त्याचं डांबर दुपारी मऊ पडायला लागलं होतं. तेव्हापासून ३१ मेपर्यंत, म्हणजे माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन महिन्यांत, आमच्या बस डेपोत जेवढे किस्से झाले तेवढे आधीच्या बत्तीस वर्षांत झाले नाहीत. किस्से गाडीतल्या धुळीसारखे असतात. सकाळी झाडा, संध्याकाळी तेवढेच. कुणी लिहून ठेवत नाही. मी ठेवतोय. शिक्षण सातवी, त्यामुळे थोडक्यात लिहितो.

मी ड्रायव्हर. डेपोत मला नाना म्हणतात. माझ्या गाडीचा कंडक्टर बसवराज कोरे, अक्कलकोटकडचा, चाळिशीचा. घरात कन्नड बोलतो, गाडीत मराठी, आणि तिकिटाच्या मशीनशी काय पुटपुटतो ते त्यालाच ठाऊक. टीव्हीवर सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांचा कार्यक्रम लागायचा. त्यात जायचं म्हणून तो तीन वर्षं मेसेज पाठवत होता.

फोन आला तो बार्शीच्या गाडीत. पंचावन्न बसलेले, वीस उभे.

"नाना, गाडी बाजूला घ्या की. टीव्हीवाल्यांचा फोन हाय. काय ऐकू येत न्हाय."

"इथं थांबा नाही."

प्रश्न फोनवरच होता. उत्तराला वीस सेकंद. बसवराज ओरडला, "सगळे गप बसा." गाडी गप झाली. मग त्यानं चूक केली. प्रश्न मोठ्यानं म्हणून दाखवला. "क्षेत्रफळानं देशातलं सगळ्यात मोठं राज्य कुठलं?" पंचाहत्तर माणसांनी पंचाहत्तर राज्यं सांगितली. देशात तेवढी नाहीत.

पुढच्या सीटवर वैरागची एक म्हातारी होती. मांडीवर पाटी, पाटीत कोंबडी. ती शांतपणे म्हणाली, "राजस्थान. माजा ल्योक ट्रक घिऊन जातो. दोन दिस झालं तरी फोनवर म्हनतो, आई, अजून राजस्थानच चाललंय."

बसवराजनं राजस्थान सांगितलं. निवड झाली. म्हातारीचे त्यानं वाकून पाय धरले. मग तिचं तिकीट काढलं. कोंबडीचंही काढलं.

*

शिकवणी रेस्टरूममध्ये सुरू झाली. शिकवायला सुजाता कांबळे. तीही कंडक्टर, पण एम.ए. झालेली. जीभ धारदार. डब्यातली भाकरी मोडता मोडता ती प्रश्न विचारायची.

बसवराजचं सगळं चांगलं होतं, फक्त इतिहासाची सालं लक्षात राहत नव्हती. चार दिवस त्यानं डोकं धरलं. पाचव्या दिवशी धडाधड उत्तरं द्यायला लागला. सुजाताला संशय आला.

"बसवराज, खरं सांगा. कसं पाठ केलं?"

"ड्युटीच्या कागदावर टायम असतो की चोवीस तासांचा. तसं केलं. अठराशे सत्तावन म्हंजे संध्याकाळची सहा सत्तावनची गाडी. एकोणीसशे सत्तेचाळीस, सात सत्तेचाळीसची."

"आणि राज्याभिषेक? सोळाशे चौऱ्याहत्तर? घड्याळात चौऱ्याहत्तर मिनिटं कुठनं आणणार?"

"चारची गाडी. चौऱ्याहत्तर मिनिटं लेट."

"वास्को द गामा?"

"चौदाशे अठ्ठ्याण्णव. दोनची गाडी, अठ्ठ्याण्णव मिनिटं लेट."

"चवदार तळं?"

"सात सत्तावीस. टायमावर."

सुजाता म्हणाली, "ते तुम्हाला टायमावर वाटतं. आम्हाला विचारा किती लेट होतं."

 डबे धुतले आणि ड्युटीवर गेलो.

*

मुंबईला शूटिंग. सोबत एक माणूस न्यायचा होता. बसवराजची बायको बाळंतपणाला माहेरी. तो मला म्हणाला, "नाना, तुमीच चला. पाठीमागं तुमी असला की मला सवय हाय." मी त्याच्या पुढं बसतो, पाठीमागं नाही. पण मुद्दा कळला.

माझी एक साप्ताहिक सुट्टी होती. एक दिवस कमी पडत होता.

आमच्यात ड्युटी उसनी देतात. तू माझी केलीस, मी तुझी करीन. ड्युट्या लावणारा कंट्रोलर कागदावर बदल मांडतो, फेड मात्र ज्याच्या त्याच्या शब्दावर. मी बत्तीस वर्षांत पुष्कळ दिल्या. घेतली एकही नाही. त्या तारखेला मोकळा ड्रायव्हर एकच होता, मकबूल शेख. चार वर्षांपूर्वी गाडी मागं घेताना त्यानं माझ्या गाडीचा आरसा फोडला होता. चूक माझी, असं तो म्हणायचा. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेलो. मकबूल तिथंच उभा होता. मी कंट्रोलरकडं बघून म्हटलं, "याला विचारा, माझी एक ड्युटी करतो का."

मकबूलही कंट्रोलरकडं बघूनच म्हणाला, "बोलो नाना को, जाव. वापसी का सोचो नक्को."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. ३१ मेला मी रिटायर होणार. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा, आमच्या पिढीत निम्म्या गावाचा असतो तसा. रिटायर माणसाला ड्युटी फेडता येत नाही. त्याच्या हातात स्टेअरिंगच नसतं. फेडायची तर ३१ मेच्या आत.

*

स्टुडिओत सगळं गार. बाहेर उन्हाळा आहे हे त्या लोकांना कुणी सांगितलं नसावं. एक पोरगेला माणूस पावडर घेऊन माझ्या तोंडाकडं आला. मी नुसतं बघितलं. तो परत गेला.

दुसरा एक जण आम्हाला टाळ्या शिकवत होता. हात वर केला की वाजवायच्या, खाली केला की थांबायचं. सगळे वाजवायला लागले. मला म्हणाला, "काका, तुम्ही?"

मी म्हटलं, "प्रश्न अजून विचारला नाही. टाळ्या कशाच्या?"

त्यानं पुढं मला विचारलं नाही.

तेवढ्यात त्यांच्यात गडबड सुरू झाली. एक बाई कागद घेऊन प्रेक्षक मोजत होत्या. कागदावर एकशे दहा. बसवराज खुर्चीवर बसायच्या आधी कडेला उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, एकशे बारा हायत."

"तुम्ही कधी मोजले?"

"आत येताना. सवय हाय."

पुन्हा मोजले. एकशे बारा. दोघं जण पास नसताना येऊन बसले होते. बसवराजनं लांबूनच बोट केलं, "तिसरी रांग, निळा शर्ट. अन् त्याच्या शेजारचा. मान खाली घातली तवाच वळखलं."

ते दोघं उठून गेले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बसवराजनं दोन विनातिकीट पकडले.

*

आता खेळ. सूत्रसंचालक मोठा गोड बोलणारा. पहिले चार प्रश्न सरळ गेले. पाचवा सालाचा. उठाव कोणत्या वर्षी झाला. बसवराज डोळे मिटून म्हणाला, "सहा सत्तावन."

सूत्रसंचालकानं मनगटावर बघितलं. "नाही हो, आत्ता अकरा वाजलेत."

बसवराजनं डोळे उघडले आणि अठराशे सत्तावन सांगितलं.

उत्तर पक्कं झालं की तो बोटातल्या अंगठीनं समोरच्या टेबलावर दोनदा टकटक करायचा. कंडक्टर बेल मारतो तशी. एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. दर वेळी ती टकटक झाली की माझा डावा पाय आपोआप पुढं जायचा. क्लच. माझ्यापुढं बसलेल्या बाईंनी तीनदा मागं वळून बघितलं. चौथ्यांदा त्यांनी खुर्ची बदलून घेतली.

नवव्या प्रश्नाला तो अडकला. कुठल्या तरी परदेशी चित्रकाराचा प्रश्न होता. चार नावं समोर.

"काय वाटतं, बसवराजजी?"

"चौघातला एकबी आमच्या गाडीत बसलेला न्हाय."

लोक हसले. बसवराज हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, त्या गारठ्यात. खेळ सोडला तर मिळालेलं राहणार होतं. चुकलं तर बहुतेक सगळं जाणार होतं.  मग त्यानं टेबलावर टक केलं. एकदाच.

सूत्रसंचालक वाट बघत होता. "मग? कोणता पर्याय?"

बसवराजनं हात मांडीवर घेतले. त्यानं बेल मारली होती. त्याच्या बाजूनं विषय संपला होता.

सूत्रसंचालकानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी मी उभा राहिलो.

"थांबा म्हणतोय तो."

सगळे दिवे माझ्याकडं वळले. सूत्रसंचालक म्हणाला, "आपण कोण?"

"ड्रायव्हर."

मग तो माझ्याशी बराच वेळ बोलला. काय विचारलं, मी काय सांगितलं, ते लिहीत नाही. स्वतःचं किती लिहायचं.

*

परत आल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, कार्यक्रम दाखवेपर्यंत निकाल सांगायचा नाही असं बसवराजनं लिहून दिलं होतं. सगळा बार्शी रस्ता त्याच्या मागं लागला. तो तोंड उघडेना. वैरागला एक शेतकरी चढला, तिकीट हातात घेतलं, बसवराजला वरून खालपर्यंत बघितलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हरलाय. जिंकला असता तर हितं उभा राहून सुट्टं मागितलं नसतं."

दुसरी गोष्ट मकबूलची. आम्ही बोलायला लागलो होतो. कारण मला ड्युटी फेडायची होती आणि न बोलता ते होत नव्हतं. एप्रिलात त्याच्या मेहुणीचं लग्न निघालं. मी म्हटलं, तुझी ड्युटी मी करतो. तो म्हणाला, "मैं रजा टाक्या ना." मे महिन्यात त्याला ताप आला. मी घरी गेलो. गादीवर पडल्या पडल्या म्हणाला, "मर गया तो भी तुमको ड्युटी नै देगा."

"का रे?"

"बत्तीस साल में नाना का एक उधार किसके पास है? पूरे डेपो में मेरेच पास. वो मैं कैसा छोडूँ?"

त्याच्या बायकोनं चहा दिला. मी प्यायलो नाही. आणखी एक देणं नको.

*

कार्यक्रम दाखवायचा दिवस ठरला. २९ मे, संध्याकाळी साडेसात. आमच्या घरी बायकोनं सगळी गल्ली बोलावली. डेपोच्या रेस्टरूममध्ये टीव्ही उंच टेबलावर ठेवला. बसवराजला हार घालून पुढं बसवलं.

मी ड्युटीचा तक्ता बघितला. सव्वासहाची बार्शी, ड्रायव्हर मकबूल, कंडक्टर सुजाता.

कंट्रोलरच्या खिडकीशी गेलो. "बदल मांडा. मकबूलच्या जागी मी."

"त्याला विचारलं?"

"विचारलं तर देणार नाही."

"नाना, आज तुमी टीव्हीवर आहात. घरी वाट बघत असतील."

"मांडा."

त्यानं मांडलं. मकबूल रेस्टरूममध्ये खुर्च्या लावत होता. मी गाडीत जाऊन बसलो. सुजाता आली, मला बघितलं. दार ओढलं आणि बेल मारली. दोन. गाडी फाटकाशी आली तेव्हा आरशात मकबूल पळत येताना दिसला. एक चप्पल पायात, एक हातात.

"नाना, रुको. तुम्हारा बोलना दिखानेवाले. रुको ना."

"इथं थांबा नाही," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसेल.

वैरागला साडेसात झाले. स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीपुढं गर्दी. सुजाता म्हणाली, "त्याला मी शिकवलं. पाच मिनिटं बघू द्या."

"टायम झाला."

तिनं बेल मारली. जरा जोरात मारली.

आठ वाजून पाच मिनिटांनी बार्शी. कॅन्टीनवाला दारातच उभा होता. माझ्याकडं बघितलं, आतल्या टीव्हीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "अहो, आत्ता, आत्ता तुमीच होता की. काय बोललाय वो. आमी सगळे उठून उभं राहिलो."

"वही कुठाय?"

बार्शीच्या कंट्रोलरनं गाड्यांच्या नोंदीची वही पुढं केली. मकबूल शेखच्या नावापुढं मी सही केली. ड्युटी फिटली.