कंसातले नाव

मार्च महिन्याचा शेवटचा सोमवार, सकाळचे अकरा. बाई फळ्यापाशी होत्या आणि संस्थेचे अध्यक्ष वर्गाच्या दारात. बाईंनी वळून पाहिले नाही. पक्ष्याचे शास्त्रीय नाव लिहिताना मध्येच थांबायचे नाही, हा त्यांचा नियम होता. रोमन लिपीत पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू, दुसरा लहान. उलट लिहिणाऱ्याला त्या गुण देत नसत.

चंद्रपूरच्या आमच्या महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवीत. मी कार्यालयाचा अधीक्षक. त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नवी. कायम पदाची मुलाखत त्याच गुरुवारी होती. बाईंच्या अब्बांचे नागभीडला घड्याळदुरुस्तीचे दुकान. 'आमच्या घरी एक स्क्रू उरला तरी घड्याळ परत खोलतात,' असे त्या सांगत.

त्यांचा लाडका पक्षी भृंगराज. गडचिरोलीच्या जंगलातला, काळाभोर, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पाने. इकडे त्याला कोतवालच म्हणतात. 'कोतवालाचे वर्गीकरण लिहा' या प्रश्नाला एका विद्यार्थ्याने 'तहसीलदाराच्या हाताखाली' असे उत्तर लिहिले. बाईंनी शून्य दिले आणि ते उत्तर मला दोनदा वाचून दाखवले.

पहिल्या नामकर्त्याने हा पक्षी कोकिळांत घातला होता. पुढे तो कोतवालांत आला. नावातला पहिला शब्द बदलला, दुसरा राहिला, आणि शास्त्रीय नावापुढे लिहितात ते नामकर्त्याचे नाव कंसात गेले. 'चुकला म्हणून त्याले हाकललं नाई, कंस घातला,' बाई म्हणत. इतकी सभ्य शिक्षा मी आमच्या संस्थेत कधी पाहिली नाही.

नाव लिहून झाल्यावर अध्यक्षांनी मोबाइल पुढे केला. दिवाळीत एटापल्लीकडे काढलेला फोटो. तुरा आखूड, शेपटीला पाने नाहीत.

"बाई, हा नवा पक्षी आहे. याले आमच्या बाबांचं नाव द्यायचं. तुम्ही प्रमाणपत्र लिहून द्या."

"नवा नाई, भाऊ. कोतवालच आहे. वयात यायचा होता."

"मग बाबांचं नाव कंसात टाका. तुमच्यात टाकतात म्हणे."

"कंसात जायलेही आधी काही सापडावं लागते."

मुले हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

"गुरुवारी मुलाखत आहे, बाई."

"माहीत आहे. तिथंही हेच सांगीन."

दुपारी मी विचारले, "दुसरीकडे कुठे नोकरी आहे?"

"नाई."

"मग?"

"मग काऊन सही करू? उद्या एखादा पोरगा ते नाव पाठ करून येईन. त्याले मी शून्य देऊ का पूर्ण गुण?"

गुरुवारी बाईंची निवड झाली नाही. अध्यक्षांच्या वडिलांचे नाव पुढे सायकल स्टँडला लागले. बाई आता वडशाला शिकवण्या घेतात. आमच्या संस्थेने त्यांना का घेतले नाही, हे मी विचारणाऱ्याला सांगतो आणि न विचारणाऱ्यालाही सांगतो. संस्थेला आवडत नाही. न आवडो.

त्या सोमवारी संध्याकाळी बाईंनी संग्रहालयाच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. आत पेंढा भरलेले जुने पक्षी होते. "डांबरगोळ्या संपल्या आहेत, भाऊ. कसर लागन," एवढेच बोलून त्या बसस्थानकाकडे गेल्या. मी शिपायाला पाठवले नाही. बाजारातून गोळ्या आणल्या, प्रत्येक खणात टाकल्या आणि कपाटाला कुलूप लावले.