ताडपत्रीखालचं विमान

रोज तासभर एकाच गॅरेजात बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत. कपड्यांना ग्रीस लागतं तसे ते आपोआप लागतात, आणि निघत तर मुळीच नाहीत!

सत्तर सालानंतर काही वर्षं मी गंगाखेडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. शाळा सुटली की मी आणि आमचे विज्ञानाचे जोशी सर राणीसावरगावच्या रस्त्यावर साळवेमामांच्या गॅरेजात जाऊन बसायचो. मामा ट्रक, जीप, मोटारपंप, जे येईल ते दुरुस्त करायचे. दुसऱ्या महायुद्धात ते कलकत्त्याजवळच्या एका विमानतळावर फिटरच्या हाताखाली होते. तिथं रात्रीच्या लढाईची विमानं असायची, बोफायटर नावाची. दोन इंजिनं, पोटात चार तोफा. शत्रूचं बॉम्बवालं विमान अंधारात हुडकायचं आणि पाडायचं, एवढंच त्यांचं काम.

"पण मामा, अंधारात दिसायचं कसं?" जोशी सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"विमान उतरलं की आमी त्याच्या नाकावर ताडपत्री घालायचो," मामा म्हणाले.

"ताडपत्रीखाली काय होतं?"

"ते सांगता येत न्हाई, गुर्जी. कसम हाय."

"सांगता येत नाही, की माहीत नाही?"

सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो. मामा मात्र पाना उचलून ट्रकखाली गेले. त्या दिवसापासून जोशी सरांनी त्यांचं नाव 'थापाडे मामा' ठेवलं, आणि गावानं ते उचललं. मामांना ते लागायचं. आयुष्यात दोनच शपथा घेतल्या असं ते म्हणायचे, एक विमानतळावर आणि एक बौद्ध धर्माच्या दीक्षेच्या दिवशी. दुसरीत तर खोटं बोलायचं नाही, हे आलंच!

*

राणीसावरगावच्या एका पाटलांनी मुलाच्या लग्नासाठी जीप रंगवायला दिली.

"काळी करा, मामा. एकदम फर्स्ट क्लास!"

मामांना काळा रंग एकच ठाऊक, बोफायटरचा. त्यांनी रंगात काजळी खलली आणि जीपला असे हात दिले, की तिच्यावर उजेड पडला तरी तिथंच जिरावा.

वरातीच्या वेळी नवरा-नवरी देवळाबाहेर आली, बँड तयार, आणि जीप कुठं दिसेना! देवळामागच्या लिंबाखाली लावलेली होती. माणसं गॅसबत्ती घेऊन शोधायला निघाली. शेवटी नवऱ्याच्या चुलत्याचा गुडघा बंपरवर आपटला तेव्हा ती सापडली.

दुसऱ्या दिवशी पाटील गॅरेजात आले. "मामा, अहो गाडी दिसंना की!"

मामांचा चेहरा खुलला. "मंग रंग लय बेस बसलाय!"

*

शेजारी बशीरभाईंचं दुकान होतं. ट्रकच्या लाकडी बॉडी बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा मामा सहज बोलून गेले, की बोफायटरच्या मागून मॉस्किटो आलं आणि ते विमान लाकडाचं होतं.

बशीरभाईंच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. "लकडी का इमान? कीलें कितने?"

"खिळ्यांचं काम कमीच. फळीवर फळी, मधी सरस."

बशीरभाईंनी दोन दिवस नुसता सरस शिजवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका ट्रकचा मागचा फळका एकही खिळा न मारता नुसत्या सरसानं जोडला. काय दिसत होता! ट्रक ज्वारीची पोती भरून परभणीला निघाला. गाव ओलांडायच्या आत फळका रस्त्यावर आणि फळक्यावर बारा पोती!

बशीरभाई तरातरा गॅरेजात आले. "मामू, तुमारा इमान पोते नै ढोता था, वो पैले बोलना था!"

*

'ते सांगता येत न्हाई, कसम हाय' हे आमच्या सगळ्यांच्याच तोंडी बसलं. एकदा शाळेच्या तपासणीला साहेब आले. कापसाचे दिवस. हजेरीपटावर पोरं चाळीस, बाकांवर पंधरा.

"बाकीचे कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते सांगता येत नाही, साहेब. कसम आहे."

साहेबांनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, गेली नोकरी!

"मास्तर, आमी बी हितलेच, ताडकळसचे. कापूस वेचायलेत म्हना की सरळ!"

*

जोशी सरांनी काही पिच्छा सोडला नाही. एकदा त्यांनी मामांना अगदी कोंडीत धरलं. "ताडपत्रीखालचं राहू द्या. रात्री दिसायचं कसं, तेवढं तरी सांगा."

मामांनी हात पुसले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "पायलट लोक रोज गाजरं खायचे."

सरांनी विज्ञानाच्या माणसाला शोभेल असा प्रयोग स्वतःवर केला. महिनाभर सकाळ-संध्याकाळ गाजरं. त्यांच्या बायकोनं हलवा करून बघितला, तर तो चालेना, कच्चीच पाहिजेत! मग एका अमावास्येला सर टॉर्चशिवाय नदीकडं फिरायला गेले आणि बशीरभाईंनी ओंडके भिजत घातलेल्या खड्ड्यात गळ्यापर्यंत उतरले.

बाहेर काढल्यावर म्हणाले, "महिना कमी पडला."

*

मग एका सुट्टीत सर हैदराबादला गेले आणि तिथल्या जुन्या बाजारातून विमानांचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. थेट गॅरेजात. आत बोफायटरचं चित्र होतं, उभं कापल्यासारखं, आतलं सगळं दाखवणारं. नाकात रडार! अंधारात शत्रूचं विमान दाखवणारं यंत्र, त्या वेळी अतिशय गुप्त, असं खाली स्पष्ट छापलेलं.

सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मामा, मी तुम्हाला थापाड्या म्हणालो. चुकलो. माफ करा."

 मामांनी हात दोनदा पुसले, पुस्तक उघडलं आणि त्या चित्रावर अंगठा ठेवला. नेमका नाकावर. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आता तर छापून आलंय," सर हळूच म्हणाले. "आता बोला की."

"छापणाऱ्याची कसम त्याच्यापाशी, गुर्जी. माझी सोडवायला अजून कुनी आलं न्हाई."

"बरं, राहिलं. पण दीक्षा घेतलेला माणूस खोटं बोलत नाही ना? मग मला गाजरं का खायला लावलीत?"

"खोटं कुटं? खायचेच की ते गाजरं! त्यानं दिसतंय, असं मी कवा म्हनलो?" मामांनी पुस्तक नीट मिटून सरांच्या हातात दिलं. "आमाला हुकूमच तसा होता. कुनी लयच इचारलं तर येवडंच सांगायचं, पायलट गाजरं खातेत. म्होरचं दुश्मन आपलं आपन समजून घेतोय!"