टोपलीशेजारची आई

एकाच सूर्यावर मी सकाळपासून चाळीस वेळा बरोबरची खूण केली होती. इंग्रजीच्या पेपरात फ्रेज आणि क्लॉज यांतला फरक उदाहरण देऊन विचारला होता, आणि प्रत्येकाने गाइडमधलंच उतरवलेलं: 'पूर्व दिशेला' ही फ्रेज, 'सूर्य उगवतो तेव्हा' हा क्लॉज.

मग एका उत्तरपत्रिकेत कुणाची तरी आई आली. 'भाजीच्या टोपलीशेजारी' ही त्या मुलीची फ्रेज. क्लॉजसाठी तिने अख्खं वाक्य लिहून पहिल्या अर्ध्याखाली रेघ ओढली होती: 'आई ओरडते तेव्हा बाजार वळून बघतो.' फ्रेजमध्ये नुसती जागा होती. क्लॉजमध्ये एक बाई कामाला लागली होती. इतका स्वच्छ फरक वीस वर्षांत मला फळ्यावर दाखवता आला नव्हता. मीही बापडी तोच सूर्य उगवत ठेवला होता.

"मॅडम, हे उत्तरसूचीत नाही. एक गुण कापा," शेजारी येऊन उभे राहिलेले मॉडरेटर सर म्हणाले.

मी दोनपैकी दोन दिले.

"आणि उद्या वरून विचारणा झाली तर?"

"होऊ दे की!"

माझा आवाज चढला, आणि पेपर तपासणारा अख्खा हॉल वळून बघायला लागला.